तुषार काय म्हणाला

"तुषार सांगळे?"

"हजर," मी म्हणाले.

कुमुद बाईंनी हातातल्या यादीवरून नजर उचलली. "तू तुषार आहेस का?"

सगळी मुलं हसली. माझ्या शेजारी उभा असलेला तुषार मुलं कशाला हसतायत ते न कळून माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याला हातानंच सांगितलं, काही नाही, उभा राहा. बाईंनी पुढचं नाव घेतलं.

आम्ही तेव्हा सुरगाण्याच्या पुढं, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या एका आश्रमशाळेच्या अंगणात उभे होतो. मार्च महिना होता. शाळेच्या मागच्या भिंतीपासूनच जंगल सुरू होत होतं. मी बारा वर्षांची होते, तुषार नऊ. दोन वर्षांचा असताना त्याला मोठा ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा त्याला ऐकू येत नव्हतं. सिन्नरला विशेष मुलांची एक छोटी शाळा होती, तिथं तो जायचा. कुमुद बाई तिथंच शिकवायच्या. त्या शाळेची आठ मुलं आणि इथल्या आश्रमशाळेची आठ मुलं, असं तीन दिवसांचं जंगलातलं शिबिर बाईंनी ठरवलं होतं. मी कुठल्याच आठांत नव्हते. "हर्षदा बरोबर असेल तरच पाठवते," असं आईनं बाईंना सांगितलं म्हणून मी आले होते.

त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. तुषारच्या शाळेत मुलांना ओठ वाचायला आणि तोंडानं आवाज काढायला शिकवत. हातवारे करायला तिथं परवानगी नव्हती. तुषारला ओठांवरचे थोडे शब्द कळायचे, बोलता एकच यायचा, "ता." म्हणजे ताई. बाकी सगळं तो हातांनी बोलायचा, आणि ती भाषा आम्ही दोघांनी घरीच बनवली होती. कपाळावर बोट टेकलं की आई. ओठांवरून दोन बोटं फिरवली की पप्पा. खांद्यावरची न दिसणारी वेणी ओढली की मी. आईला त्यातल्या दहा-बारा खुणा यायच्या. तिला जास्तीची गरज पडत नव्हती. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, "हर्षू, तुषार काय म्हणतोय गं?" आणि मी सांगायचे. लग्नात, जत्रेत, दवाखान्यात, सगळे मलाच विचारायचे. मावश्या म्हणायच्या, पोरगी किती गुणाची. मला ते फार आवडायचं.

जंगलात आम्हाला घेऊन जाणार होते काशीराम गावित. आश्रमशाळेची मुलं त्यांना काशीबाबा म्हणायची. साठीच्या पुढचे, काटक, डोक्याला मळका रुमाल. जन्मभर त्यांनी वनखात्यात मजुरी केली होती. घरात ते कोकणा आदिवासींची कोकणी बोलत, आमच्याशी मात्र सावकाश, शब्द निवडून मराठी. मुळात बोलतच कमी. आम्ही येण्याआधी त्यांनी आणि आश्रमशाळेच्या मुलांनी वाटेवरचे दगड वेचून बाजूला केले होते. आमच्यातल्या एका मुलाला अंधुक दिसायचं, त्याच्यासाठी कमरेच्या उंचीवर झाडाझाडाला दोर बांधत नेला होता. रेवती नावाची माझ्याच वयाची मुलगी कुबड्या घेऊन चालायची. तिला दम खायला वाटेत तीन ठिकाणी बांबूची बाकं ठोकली होती. रेवतीनं पहिलं बाक पाहिलं आणि म्हणाली, "मी नाही बसणार." दुसऱ्या बाकावर मात्र बसली.

पहिल्या दुपारी बाबांनी आम्हाला एका मोहाच्या झाडाखाली गोळा केलं.

"जंगलात तोंडानं नाही बोलायचं," ते म्हणाले. "आपला आवाज पोचला की जनावर गेलं. आम्ही पाणवठ्यावर जनावरं मोजायला बसायचो, तेव्हा रात-रात हातानंच बोलायचो. तुम्हीपण तसंच बोला."

मग त्यांनी दाखवलं. पंजा खाली दाबला, बसा. मूठ मिटली, थांबा. दोन बोटं डोळ्यांकडून समोर नेली, तिकडं पाहा.

मी लगबगीनं तुषारसमोर जाऊन त्याला सांगायला लागले. त्यानं माझा हात बाजूला केला. मी मध्ये आल्यामुळं त्याला बाबा दिसत नव्हते.

पुढच्या अर्ध्या तासात सोळा मुलांमध्ये बाबांच्या खुणा सगळ्यात आधी कुणाला कळल्या असतील, तर त्याला. बाबांनी एक खूण केली की तुषार तिच्यात आपली दोन बोटं मिसळून परत पाठवायचा. बाबा बघत राहायचे, मग मान डोलवायचे. आश्रमशाळेची मुलं तुषारकडे बघून हात हलवायला लागली. मी दोराला धरून मागे उभी होते.

तेवढ्यात तुषारला वर फांदीवर शेकरू दिसलं. त्याच्या तोंडातून मोठी किंकाळी निघाली. शेकरू दोन उड्यांत दिसेनासं झालं. मुलं चिडली.

मला बरं वाटलं. आज हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

"त्याला कळत नाही, बाबा," मी पुढं होऊन म्हणाले. "त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नाही. म्हणून मी जवळ लागते."

बाबांनी ऐकून घेतलं. मग ते तुषारसमोर उकिडवे बसले. त्याचा तळहात त्यालाच त्याच्या गळ्यावर ठेवायला लावला आणि खुणेनं सांगितलं, ओरड. तुषार ओरडला, आणि एकदम दचकला. गळा हाताखाली थरथरला होता. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. तुषार गप्प, गळा गप्प. पुन्हा ओरड. पुन्हा गप्प. तिसऱ्या वेळी तो इतका हसला की हसताना पण गळ्यावर हात ठेवून बघत होता. संध्याकाळभर तो एक हात गळ्याला लावूनच चालला. त्यानंतर जंगलात त्याचा आवाज आला नाही.

रात्री नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी होती. तुषार आश्रमशाळेच्या मुलांच्या रांगेत बसून जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडता उजाडता, आम्ही झोपलो होतो त्या वर्गाच्या दारात येऊन बाबांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. डोंगराच्या कुशीत एक कुंड होतं. उन्हाळ्यात आसपास तेवढंच पाणी उरायचं. पाण्याच्या अलीकडं बाबांनी पाल्याचा आडोसा केला होता. त्यामागं तिघंच मावायचे, बाबा आणि दोन मुलं. एक आमच्यातलं, एक आश्रमशाळेतलं. सगळ्यांना एकेकदा पाळी मिळणार होती, आणि चुकली तर पुन्हा नाही, कारण जोड्या आणि वेळा बाईंनी मोजून बसवल्या होत्या.

"पहिला हा येईल," बाबा तुषारकडे बोट करून म्हणाले.

"मी पण येते," मी म्हणाले.

"जागा नाही, पोरी."

"मग तो नाही राहायचा. त्याला काही झालं तर तुम्हाला कसं कळणार?"

कुमुद बाई माझ्याकडे वळल्या. "असं कर हर्षदा, त्यालाच विचार. जायचंय का एकट्यानं?"

मी तुषारकडे वळले. त्याला खुणेनं विचारलं, बाबांबरोबर जातोस? मी नाही येणार.

तुषारनं दोन्ही हात छातीवर आपटले. मी! मग बाबांकडे बोट, मग डोंगराकडे, मग दोन्ही पायांवर उडी. आत्ता. आत्ताच्या आत्ता.

"काय म्हणतोय?" बाईंनी विचारलं.

अंगणात सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"म्हणतोय, भीती वाटते," मी म्हणाले. "एकटं नाही जायचं म्हणतोय."

"बघा गावितबाबा, मला वाटलंच होतं," बाई म्हणाल्या. "राहू दे. जबरदस्ती नको. रेवती, तू जातेस?"

रेवती कुबड्या सावरत उठली. आडोशामागे बसायचं म्हटल्यावर तिला इतका आनंद झाला होता की तिनं केसही विंचरले नाहीत. बाबांनी तुषारकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ते रेवतीला आणि आश्रमशाळेतल्या एका मुलीला घेऊन निघून गेले.

तुषार तसाच उभा होता. शाळेत त्याला ओठ वाचायला शिकवत, हे मी त्या क्षणी विसरले होते. 'भीती' हा शब्द त्याला चांगला ओळखता यायचा. बाईंनीच तो चित्र दाखवून पाठ करून घेतला होता.

तो रडला नाही. मला मारलंही नाही. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी त्याचा खांदा हलवला, हात धरला. तो डोळे उघडेना. त्याच्याशी बोलायची माझी एकच वाट होती, ती त्यानं बंद करून टाकली.

तासाभरानं रेवती परत आली. "हर्षदा, भेकर आलं होतं! एवढंसं हरीण! कुत्र्यासारखं भुंकतं म्हणे, पण भुंकलं नाही. पाणी प्यायलं, वर पाहिलं, परत प्यायलं. मला पायाला मुंगी चावत होती, तरी मी हलले नाही." तिचा चेहरा असा फुलला होता की मला तिच्याकडे बघवेना. ती पाळी तिची नव्हती, हे तिला माहीत नव्हतं. फक्त मला आणि तुषारला माहीत होतं, आणि तुषारला ते कुणाला सांगायचं असेल तर त्याला मी लागणार होते.

हे माझ्या डोक्यात पहिल्यांदाच आलं. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्याला भूक नाही म्हटलं असतं, तर त्याला कुणी वाढलं नसतं.

दुपारी जेवायला तो माझ्यापासून लांब बसला. मी समोर गेले की डोळे मिटायचा. बाईंना वाटलं, पोराला झोप आलीय.

जेवणानंतर सगळे पानं गोळा करायला गेले आणि मी काशीबाबांना शोधत गेले. ते मोहाखाली बसून सुटलेला दोर पिळत होते.

"बाबा," मी म्हणाले, "तुषार तसं म्हणालाच नव्हता."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मग काय म्हणाला?"

"म्हणाला, मी जाणार. आत्ताच."

"हं. ते मला दिसलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तूच सांगशील." त्यांनी दोराची गाठ ओढून पाहिली. "थोडा उशीर केलास. पण सांगितलंस."

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. 'गप' म्हणाले नाहीत, जवळही घेतलं नाही. माझं रडणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुला काय आवडतं?"

"तुषारला पाखरं आवडतात," मी नाक पुसत म्हणाले. "आणि जनावरं. आणि त्याला—"

"त्याचं मला कळलं. तुझं विचारतोय."

मी तोंड उघडलं आणि मला काहीच सांगता येईना. तुषारला कुठली भाजी आवडते, कुठल्या रंगाचा सदरा आवडतो, अंधारात कशाला दचकतो, सगळं मला पाठ होतं. स्वतःचं म्हणून एकही उत्तर सापडत नव्हतं. बाबा वाट बघत राहिले. शेवटी मी म्हणाले, "माहीत नाही."

"बरं," ते म्हणाले. जणू हेही एक चांगलं उत्तर होतं. "चल, बाईंना सांगायला पाहिजे. मी येतो बरोबर."

बाई रागावतील म्हणून मी बाबांच्या मागं मागं चालले. बाईंनी ऐकलं आणि त्या पायरीवर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

"तो माझ्या समोर उभा होता," त्या म्हणाल्या. "उड्या मारत होता. आणि मी तुझ्याकडे बघून विचारलं, तो काय म्हणतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू खोटं बोललीस ते चूकच. त्याला सांग. पण हर्षदा, माझंही चुकलंय."

मोठं माणूस असं म्हणू शकतं हे मला माहीत नव्हतं.

"पण त्याची पाळी गेली," मी म्हणाले.

"उद्या मी लवकर निघतो," बाबा म्हणाले. "पहिल्या जोडीच्या आधी. तो आणि मी."

तुषार दोराच्या शेवटच्या झाडाखाली बसला होता. मी समोर जाऊन बसले. त्यानं डोळे मिटले. मी उठले नाही. शेवटी त्यानं, मी गेले का ते बघायला, एक डोळा थोडासा किलकिला केला. मी घाईघाईनं वेणी ओढली. मी. आणि पुढं अडकले. आमच्या भाषेत खोटं बोलण्यासाठी खूणच नव्हती. आम्हाला कधी लागली नव्हती.

मग मी एक बोट ओठांपासून सरळ पुढं नेलं आणि मध्येच वाकडं करून बाजूला वळवलं. मी. वाकडं. तुझं. दोन्ही कान धरले.

त्यानं दुसरा डोळा उघडला. मी केलेली खूण त्यानं स्वतःच्या ओठांपासून करून पाहिली, एकदा, दोनदा, नीट जमेपर्यंत. मग ते वाकडं बोट माझ्या नाकासमोर आणून जोरात हलवलं. तू! संध्याकाळपर्यंत त्यानं ते मला वीसेक वेळा केलं. विसाव्या वेळी तो हसत होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो बाबांबरोबर गेला. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मी अंथरुणात बसून होते. बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तो आला की तू काही सांगायचं नाहीस. एक शब्दही नाही. आम्ही आमचं बघतो."

तो आला, तो धावतच. सगळी मुलं गोल करून बसली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तुषारनं आधी बाबांची मूठ दाखवली, थांबा. मग जमिनीवर ओणवा झाला, मान पुढं, एक पाय उचललेला, कान हलतायत असं दोन्ही बाजूंना पंजे. आश्रमशाळेचा एक मुलगा ओरडला, "भेकर!" तुषारनं दोन बोटं वर केली. "दोन!" मुलं म्हणाली. मग एक हात खाली, गुडघ्याइतका. "पिल्लू! पिल्लू होतं?" आणि मग त्यानं ते पिल्लू पाण्यात कसं घसरलं, कसं गडबडून उठलं आणि आईच्या पायात कसं शिरलं ते असं करून दाखवलं की रेवती हसता हसता बाकावरून खाली आली. कुमुद बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि हसताना त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला विचारलं, दुसरं मोठं कुठं गेलं? त्यांच्या शाळेत हातवाऱ्यांना परवानगी नव्हती.

कुणीही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मला वाटलं होतं मला वाईट वाटेल. मी मांड्यांखालचे हात काढले. त्यांना मुंग्या आल्या होत्या.

सगळ्या पाळ्या संपल्यावर बाबा माझ्यापाशी आले. "चल."

"पण मी यादीत नाही."

"चल," ते म्हणाले.

कुंडापाशी पोचलो तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती. त्या वेळी पाण्यावर कुणी येत नाही. बाबा मला आडोशामागे बसवून स्वतः लांब एका ऐनाच्या बुंध्याला टेकले. जनावर काही आलं नाही. पाण्यावर पारदर्शक पंखांचा एक लाल चतुर होता. तो एका काडीवर बसायचा, उडायचा, फिरून त्याच काडीवर यायचा. एक वाळकं पान हळूहळू पलीकडच्या काठाला लागलं. मी कुणासाठी कान देत नव्हते. कुणाचे हात बघत नव्हते. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर कुणाचंच काही सोपवलेलं नव्हतं. मी तासभर तो चतुर पाहत बसले आणि मला तो फार आवडला.

परत येताना मी बाबांना ते सांगितलं. ते म्हणाले, "हां. छान असतो तो."

याला आता तीस वर्षं होत आली. तुषार सिन्नरच्या एका कारखान्यात यंत्रावर काम करतो. त्याची बायको शर्वरी, तिलाही ऐकू येत नाही. त्यांच्या घरी गेलं की मला माझे हात अपुरे पडतात, इतकं ते दोघं भरभर बोलतात. मी पोस्टात आहे, सुट्टीच्या दिवशी तळ्यांवर चतुर बघत हिंडते, त्यांची चित्रं काढते. काशीबाबांना भेटायला म्हणून दहा वर्षांपूर्वी गेले होते. ते आदल्याच वर्षी वारले होते. त्यांच्या सुनेनं चहा केला. कोण तुम्ही, असं तिनं विचारलं, आणि त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते मी तिला सांगायला बसले. संध्याकाळ झाली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते असंच कुणाकुणाला काय काय विचारत राहायचे." म्हणून मग आभार तिलाच सांगून आले.

शिबिराहून आम्ही घरी पोचलो तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. तुषार धावत आत गेला आणि तिच्यासमोर एक पाय उचलून ओणवा झाला. आईनं नेहमीसारखी मान वळवली.

"हर्षू, काय म्हणतोय गं हा?"

"त्यालाच विचार," मी म्हणाले.

आईला ऐकू आलं नाही असं वाटलं. मग तिनं तवा खाली उतरवला. तुषारच्या समोर बसली. पिठानं भरलेले हात तिनं वर उचलले, पण काय करायचं ते तिला समजेना. शेवटी तिनं नुसता पंजा उलटा केला. काय?

तुषारनं डोक्यावर दोन बोटं धरली.

"बकरी?"

त्यानं मान हलवली. बोटं आणखी वर नेली.

"बोकड? बैल? अरे, मग काय रे?" आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. तुषारनं तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे वळवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बाहेर गल्लीतल्या मुलींनी लंगडीचा डाव मांडला होता. मी चप्पल काढून कोपऱ्यात सरकवली आणि खेळायला गेले.